कड्याला लागलेला लोणा

समुद्राकाठच्या ढासळत्या कड्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. भगव्या कफनीतल्या बाबांनी टोपलीतून लिंबाएवढा दगड उचलला, डोळे मिटले, मूठ आवळली. बोटांतून वाळू भुरुभुरु गळली. लोकांच्या अंगावर काटा आला.

"समुद्र म्हणजे आमचा धाकटा भाऊ," बाबा म्हणाले. "जरा हूड आहे, पण आमच्या शब्दाबाहेर नाही. दगडाचं पीठ करणारा हा हात तुमचा कडा धरून ठेवणार नाही का?"

गर्दीच्या मागे गवंडीकाका उभे होते. चाळीस वर्षं त्यांनी भिंती बांधल्या, पण चार माणसांत बोलायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटायची. कड्याच्या अगदी टोकाला त्यांच्या लेकीचं सासर. मागच्या खोलीत दोन महिन्यांची नात झोपलेली. पायथ्याला मोठे दगड रचून लाटांचा मार अडवेपर्यंत इथे राहू नका, अशी नोटीस सरकारी इंजिनिअरने दारावर लावली होती. विहीणबाईंनी ती फाडून केरात टाकली. बाबा पाठीशी असताना भ्यायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. बाप आणि सासू यांच्या कात्रीत लेक बिचारी अडकलेली.

बाबांच्या मुठीतून गळलेली वाळू काकांना ओळखीची वाटली. ओहोटी होती. ते धरत-सावरत खाली उतरले.

पायथ्याशी ते वाकून बघू लागले. खडकाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडली होती आणि भोकांच्या कडांना पांढरं मीठ फुललं होतं. हा तर लोणा! जुन्या ओल्या भिंतींना लागतो तोच. खारं पाणी दगडात मुरतं, सुकतं, आत राहिलेलं मीठ खडे धरून वाढतं आणि दगडाचा कण न् कण सुटा करतं. पलीकडे बाबांचा चेला टोपली भरत होता. खणखणीत दगड बाजूला टाकून कुजके तेवढे निवडत होता. काकांनी एक उचलून दाबला. संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांतही त्याचा भुगा झाला.

हसावं तर हसू येईना. त्यांनी वर पाहिलं. लाटांनी कडा खालून इतका पोखरला होता, की लेकीच्या घराची मागची भिंत बरोबर त्यांच्या डोक्यावर होती.

ते घाईने वर आले. गर्दी सारत ते पुढे गेले, बाबांच्या टोपलीतला एक दगड उचलला आणि शब्द सुचेनात म्हणून थेट विहीणबाईंच्या हातात दिला. बरणीचं झाकण उघडायलाही सुनेला हाक मारणाऱ्या विहीणबाई.

"दाबा," एवढंच ते म्हणाले.

दगडाचं पीठ झालं.

आपलीच शक्ती माउलीत उतरली, असं बाबांनी घाईघाईने जाहीर केलं. काकांनी वाटेवरचा एक काळा दगड त्यांच्यापुढे धरला. "मग हा फोडा."

हा दगड नास्तिक आहे, असं बाबा म्हणाले. कुणीतरी फिसकन हसलं.

विहीणबाई हसल्या नाहीत. हातातल्या भुग्याकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "व्याही, आमच्या घराखाली कसला दगड आहे हो?"

"हाच."

काकांची जीभ आता सुटली. "यांनी फसवलं ते राहू द्या, नंतर बघू. भरती येतेय. तिला कुणाचा शब्द कळत नाही. आधी माणसं बाहेर काढा. मग इंजिनिअरला बोलवा, पायथ्याला दगड पडू द्या. आणि पुन्हा कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी ती वस्तू स्वतःच्या हातात घेऊन बघा."

शेवटचं वाक्य ऐकायला विहीणबाई थांबल्याच नव्हत्या. त्या मागच्या खोलीकडे धावत सुटल्या होत्या, आणि लेक त्यांच्याही पुढे होती.