चाळिसावं डोकं

शेवंताबाईला बोलावणं सव्वीस जानेवारीचं होतं, पण ती एक दिवस आधीच धुळ्याला पोचली. गावातला केळीचा ट्रक त्या बाजूला निघाला होता, ड्रायव्हरची बायकोही सोबत होती, म्हणून ती चढून बसली. फैजपूरजवळच्या तिच्या खेड्यातून एसटीनं यायचं म्हणजे दोनदा गाडी बदला. मांडीवरच्या फडक्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत होतं. तिच्या लताला भरीत फार आवडायचं.

लता चौदा वर्षांची. तिला बोलता येत नसे, कपडे ओले झालेले कळत नसत, आणि रात्री दोन-तीनदा उठून ती दार उघडून चालू लागे. इतकी वर्षं शेवंताबाई तिच्या मनगटाला पदराची गाठ मारून झोपत आली होती. अठ्ठ्याऐंशीच्या जूनमध्ये तिच्या नवऱ्यानं, सुपडूनं, धुळ्याच्या मतिमंद मुलांच्या निवासी शाळेचं कुठून तरी ऐकलं आणि लताला तिथं नेऊन ठेवलं. पहिले सहा महिने आईनं येऊ नये, पोरं बिथरतात, असं संस्थेचं म्हणणं होतं. शेवंताबाई आठवडाभर रडली. मग तिला गाढ झोप लागायला लागली. ती माहेरच्या लग्नाला गेली, पंगतीत बसून गरम जेवली. अंगावर थोडं मांसही आलं.

शाळेच्या फाटकावर उद्याच्या पताका लावणं चाललं होतं. कुणी अडवलं नाही, तशी ती सरळ मागच्या पत्र्याच्या खोलीपर्यंत गेली. दारातच भपकारा आला. तिनं पदर नाकाला लावला. मधे परातीत वरणभात कालवून ठेवला होता आणि पोरं भोवती बसून खात होती, सांडलेलंही उचलून खात होती. सगळ्यांची डोकी तासलेली. मुलगा कोण, मुलगी कोण, कळेना. खिडकीच्या गजाला लुगड्याच्या चिंधीनं एक पोर कमरेशी बांधलेलं होतं. ओल्या कपड्यांत ते डुलत बसलं होतं आणि वास जास्त तिकडूनच येत होता. शेवंताबाई तोंड फिरवणार, तोच त्या पोरानं डावा कान चिमटीत धरून ओढला.

तसा कान फक्त लताच ओढायची.

आपल्याच पोरीच्या वासानं आपण नाक दाबलं, हे कळल्यावर शेवंताबाईनं पदर सोडला. ती पुढे जाऊन बसली आणि गाठ सोडू लागली. चिंधीखालची कातडी सोलून निघाली होती.

मदतनीस वच्छलाबाई बादली घेऊन आली. शेवंताबाईनं सगळ्यांचीच डोकी का तासली विचारलं, तर वच्छलाबाईचा आवाज चढला नाही की पडला नाही. "बठ्ठासना डोकामा उवा व्हयेल व्हत्यात, बहीण. आम्ही दोन जणीच शेतस. काय कराव?"

भिंतीवर उद्याच्या पाहुण्यांसाठी चित्रं लावलेली होती. एका सुबक पोपटाखाली लिहिलं होतं, 'लता सुपडू पाटील'. लताला पेन्सिल धरता येत नव्हती.

संस्थेचे अध्यक्ष अभिमन नाना ऑफिसातून लगबगीनं आले. माणूस गोड. त्यांनी शेवंताबाईला अक्का म्हटलं, चहा मागवला, असली मुलं सांभाळणं म्हणजे देवाची सेवा आहे, असं सांगितलं. ती पोरीला घेऊन निघाली आहे हे लक्षात आल्यावर त्यांचा चेहरा पडला.

"उद्या दुपारपर्यंत राहू द्या, अक्का," ते म्हणाले. "साहेब येऊन डोकी मोजणार. चाळीस भरली तरच सरकारी अनुदान. मग खुशाल न्या."

शेवंताबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. तोंडात थुंकी जमा झाली होती. ती तिनं त्यांच्या चपलेशेजारी टाकली आणि लताचा हात धरला.

फाटकापाशी शाळेतला एकुलता शिक्षक, लीलाधर, मागून आला. पंचविशीचा, धरणगावचा पोरगा. पोपट त्यानंच काढला होता. तो खाली बघत म्हणाला, "तुमचे मालक गणपतीत येऊन गेले. मी त्यांना सगळं दाखवलं होतं. घेऊन जा म्हटलं होतं."

"अन् तू?" तिनं विचारलं. "तू अजून इथंच?"

त्यानं फाटक उघडून धरलं.

स्टँडवरच्या नळावर तिनं लताला कपड्यांसकट धुतलं आणि पिशवीतलं स्वतःचं जुनेर तिला गुंडाळलं. जळगावच्या गाडीत शेजारची बाई उठून पुढे जाऊन बसली. लतानं भरीत खाल्लं आणि सगळं ओकून टाकलं.

घरी सुपडू ओट्यावर बसला होता. लताला पाहून तो उठला नाही. गणपतीत धुळ्याहून आल्यावर त्यानं सांगितलं होतं, पोरगी मजेत आहे, वजन वाढलं आहे. शेवंताबाईनं तेच शब्द त्याला ऐकवले.

तो म्हणाला, "तुले झोप लागू राहिली होती. म्हणून नाही सांगितलं."

ती शिव्या द्यायच्या तयारीत होती. पण हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच तिला जास्त शिसारी आली. त्याची, आणि लग्नाच्या पंगतीत दुसऱ्यांदा वाढून घेणाऱ्या स्वतःची. मोरीत जाऊन ती ओकली.

कमरेची जखम भरायला महिना लागला. उन्हाळ्यात सुपडू न सांगता लताला सकाळी केळीच्या बागेत न्यायला लागला. पाण्याच्या पाटात तिला उभी करायचा, हात धुवायला लावायचा. पोळ्यापर्यंत ती कपडे ओले झाले की आपणहून ओढून दाखवायला लागली. गावात लोक म्हणायचे, बाप असावा तर असा. शेवंताबाई ऐकून घ्यायची. ती त्याला वेळेवर वाढायची, भाकरी गरम द्यायची. पण ताटात कालवणारा त्याचा हात दिसला की तिचा घास तोंडातच फिरायचा. मग ती आपलं ताट उचलून लताजवळ जाऊन बसायची.