आपांच्या ताटातला घास

उद्या सकाळी कामशातला किरणांच्या उपचारासाठी सेमेइ शहरातल्या इस्पितळात जायचं होतं आणि घरात कुणी त्याचं नाव काढत नव्हतं. शेवटी तिचा नवरा तोक्तारबेक चहाची वाटी खाली ठेवून म्हणाला, "जायचं नाही. गर्भाशय काढलं, कॅन्सर गेला, विषय संपला. या गावावर चाळीस वर्षं अणुबॉम्बच्या चाचण्यांची किरणं घरपोच आली. आता आणखी घ्यायला मुद्दाम शहरात जायचं?"

सून मेरुएर्त चहा ओतत होती. तिला सातवा महिना. दाराशी तिची भरलेली पिशवी होती. 'सासूला किरणं देतायत तोवर माहेरी ये, पोटातल्या बाळाला बाधायचं,' असा तिच्या आईचा निरोप होता. कामशातनं ती पिशवी सकाळीच बघितली होती.

"नाहीच जात मी इस्पितळात," कामशात म्हणाली.

मंडळी, आमच्या गावात किरण म्हटलं की प्रत्येकाला घरातलं कुणीतरी गेलेलं माणूस आठवतं. ही भीती खोटी आहे असं म्हणायची माझी छाती नाही. पण या भीतीपायी एक बाई उपचार सोडायला निघाली होती!

मेरुएर्तला राहवेना. तिनं इस्पितळातल्या डॉक्टर रायहानना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा मध्ये ठेवला. डॉक्टर याच भागातल्या, थोरल्या बाईला आमच्यासारखंच 'आपा' म्हणणाऱ्या.

"आपा, मी सगळ्याच बायकांना किरणं देत नाही," त्या म्हणाल्या. "तुमचा रोग लवकर सापडला, पण गर्भाशयाच्या भिंतीत खोल शिरला होता. टाक्यांच्या जागी तो परत येऊ शकतो. आता चालढकल नको."

"आणि किरणं अंगात घेऊन घरी येईल त्याचं काय?" तोक्तारबेकनं विचारलं.

"काका, मागे तुमच्या छातीचा एक्स-रे काढला. त्या रात्री अंधारात चमकत होतात?"

"नाही बुवा."

"बॉम्बची धूळ दुधात उतरली, हाडांत बसली. हे यंत्र आहे. बंद केलं की किरण संपला, अंगात काही राहत नाही. थकवा येईल, जळजळ होईल, ते मला सांगायचं."

कामशात फोनकडे वाकली. "माझं सोड गं. नातवंडाला मांडीवर घेता आलं नाही, तर जगून करू काय?"

"उपचाराच्या पहिल्या दिवशीसुद्धा घ्या खुशाल."

तोक्तारबेक फोनकडे बघत म्हणाला, "माझी बहीण त्या धुळीनंच गेली. वाटलं, हिलाही मीच तिकडे ढकलतोय." मग कामशातकडे वळला, "सकाळी मी येतो तुझ्याबरोबर."

पहिली किरणं घेऊन कामशात परतली आणि मुद्दाम सगळ्यांपासून लांब, कोपऱ्यात जेवायला बसली. मेरुएर्त पोट सांभाळत तिच्या शेजारी येऊन टेकली.

"आपा, आज मला सरकित नाही?"

थोरांच्या ताटातला उरलेला घास म्हणजे सरकित. धाकट्यांना तो आशीर्वाद म्हणून मिळतो. कामशातनं ताट मागे ओढलं.

"नको पोरी. दोन जीवांची आहेस."

"म्हणून तर दोघांचा द्या," म्हणत सुनेनं तिच्या ताटातला मटणाचा तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. कामशात तिचा हात धरून रडली. दाराशी आता पिशवी नव्हती.

बंधुभगिनींनो, आपण फार सोसलंय, तेव्हा भ्यायचा आपल्याला हक्क आहे. पण घरच्या बाईचा उपचार भीतीवर सोपवू नका. आधी डॉक्टरांना विचारा. आणि ती इस्पितळातून घरी आली की तिच्याजवळ बसून जेवा.