निरोप वर पोचला नाही

मित्रांनो, माझ्या पोटात घंटा आहे, पण मनातलं बोलायला मला तोंड नाही. मी एक जुना, काळा टेलिफोन आहे. जन्म बेंगळूरचाच, इथल्याच कारखान्यातला. शिवाजीनगरात सोयराबाईंच्या घरी मी आलो, तेव्हा त्यांनी मला हळदकुंकू वाहिलं आणि अंगावर भरतकामाचा रुमाल घातला. माझा तोरा काय विचारता!

माडीवर देवाप्पा आणि शिवलीला हे निपाणीकडचं जोडपं भाड्यानं राहत होतं. त्यांची हर्षिता पहिलीत गेली, तेव्हा शाळेनं फोन नंबर मागितला. त्यांनी सोयराबाईंना विचारून माझा दिला. तेव्हा असंच चालायचं. मुलीला ताप आला, सहल ठरली, की तिच्या राजलक्ष्मी मिस फोन करत आणि सोयराबाई जिन्याखाली उभ्या राहून वर हाक मारत. त्या हाकेत माझाही वाटा आहे असं मला वाटे.

मग एकदा पालकसभेचा निरोप सोयराबाई विसरल्या. शिवलीला नळावर चार बायकांदेखत म्हणाली, "अक्कांच्या ध्यानात काय राहत न्हाई आता."

झालं! सोयराबाईंनी ते मनाला लावून घेतलं. त्यानंतर शाळेचा फोन आला की त्या गोड आवाजात कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणत, रिसीव्हर ठेवत आणि पुन्हा शेंगा निवडायला बसत. शाळेला वाटे, निरोप पोचला. वर कुणाला पत्ता नसे. मला मात्र धडकी भरू लागली होती.

एक्क्याण्णव सालच्या डिसेंबरात कावेरीच्या पाण्यावरून शहरात दंगल पेटली. दुपारी मिसचा फोन आला. शाळा लवकर सोडतोय, मुलीला ताबडतोब घेऊन जा, असं त्या सांगत होत्या. सोयराबाई सवयीनं "सरी" म्हणून गेल्या.

बाहेर दुकानांची शटरं धडाधड पडू लागली. शिवलीला घाईनं खाली आली.

"अक्का, शाळेतनं फोन आलता का?"

सोयराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. हो म्हणावं, तर आधीच का सांगितलं नाही याचा जाब द्यावा लागणार होता.

"नाही," त्या म्हणाल्या.

फोन नाही म्हणजे शाळा चालू आहे, मुलं आत सुखरूप आहेत, असं समजून शिवलीला वर गेली. मित्रांनो, त्या वेळी मी जिवाच्या आकांतानं खणखणायला हवं होतं. पण दुसरीकडून कुणी नंबर फिरवल्याशिवाय मला वाजता येत नाही.

थोड्या वेळानं वाजलो. मिस रडत होत्या. इतर मुलांच्या घोळक्यातून हर्षिता एकटीच बाहेर पडली होती. या वेळी सोयराबाई अनवाणी जिना चढल्या. त्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. शिवलीलाची किंकाळी ऐकू आली.

दिवेलागणीला देवाप्पा लेकीला खांद्यावर घेऊन आला. एका बंद बेकरीच्या फळीमागे ती सापडली होती. अंगावर ओरखडाही नव्हता, पण कित्येक दिवस ती एक शब्द बोलली नाही.

देवाप्पानं शाळेत जाऊन माझा नंबर खोडायला लावला. माझ्यावर आता धूळ साचते. कधीमधी वाजलो तर सोयराबाई दचकतात.

म्हणून सांगतो, दुसऱ्याचा निरोप तुमच्या हाती आला तर आधी तो पोचवा, भांडण मागाहून करा. हर्षिता रोज सकाळी माझ्यासमोरून दप्तर घेऊन शाळेला जाते. द्यायला दुसरा नंबर तिच्या घरच्यांकडे नाही. उद्या तिथे काही झालं, तर शाळा कुणाला कळवणार?