हवापालटाची केबिन

जहाजावर सगळे त्याला हवालदार म्हणत. पोलिसांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. नऊशे केबिनमधली हवा तेवढी त्याच्या ताब्यात होती. जाळ्या धुवायच्या, फिल्टर बदलायचे आणि "फार कोंदट वाटतंय हो" म्हणणाऱ्यांचं ऐकून घ्यायचं. निम्म्या लोकांना तर त्याने जाळीवर नुसती थाप मारली तरी बरं वाटे.

माणसाच्या श्वासातून जो वायू सुटतो, तो मोजणारं एक मीटर त्याच्याकडे होतं. बंद केबिनमध्ये दोन तास ठेवलं की आकडा पाहून हवालदार माणसं सांगे. चारशे म्हणजे केबिन रिकामी, आठशे म्हणजे एक जण, बाराशे म्हणजे दोघं. बारा वर्षांत त्याचा अंदाज कधी चुकला नव्हता.

खालच्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या केबिनमध्ये एक मावशी एकट्याच राहत होत्या. चार दिवस त्यांचं डोकं ठणकत होतं. जहाजावरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आज थांबलं नाही तर उद्या बंदरावर उतरवून घरी पाठवणार. म्हणून हवालदाराने सकाळीच मीटर नेऊन ठेवलं. दोन तासांनी येऊन पाहतो तर आकडा बाराशे.

"मावशी, इथे दुसरं कोण असतं?"

"हे असतात ना," मावशी सहज म्हणाल्या. "यांना दम्याचा त्रास. डॉक्टरांनी हवापालट सांगितला होता. तिकिटं काढली, आणि निघायच्या महिनाभर आधी हे गेले. मी म्हटलं, हवापालट तरी राहायला नको."

हवालदार हसायला गेला, पण हसू बाहेर पडेना. सवयीप्रमाणे त्याने बाथरूमच्या जाळीला टिश्यू पेपर लावला. जाळी हवा ओढत असेल तर कागद चिकटून बसतो. हा बसेना. आत जाई, बाहेर येई, मध्येच अडके, पुन्हा आत जाई. धाप लागलेल्या माणसाची छाती हलावी तसा. हवालदाराच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"हवेची झडप पूर्ण उघडतो," तो घाईघाईने म्हणाला. "ताजी हवा आली की डोकं दुखायचं थांबेल."

"आणि हे?"

"मावशी, नाहीतर तुम्हाला घरी पाठवतील."

"घरी हे नाहीत हो. सगळ्या खोल्या पाहिल्या मी. इथे आल्यावर भेटले."

पण तो पडला कामाचा माणूस. बाहेर जाऊन त्याने छताची फळी सरकवली आणि झडपेची दांडी पार टोकाला नेली. आत कागद जाळीला घट्ट चिकटला. मीटर तिथेच ठेवून तो निघून गेला.

दोन तासांनी मावशी पलंगाच्या कडेवर बसलेल्या होत्या.

"डोकं दुखायचं थांबलं," त्या म्हणाल्या.

मीटरवर चारशे. झडप कितीही उघडी असली तरी आत माणूस असताना आकडा इतका उतरत नाही. मीटर बिघडलं असेल म्हणून त्याने त्यावर फुंकर मारली. आकडा सरसर चढला. मग त्याने ते मावशींच्या तोंडासमोर धरलं. आकडा उतरत उतरत पुन्हा चारशेवर येऊन थांबला. मावशी त्याच्याकडे बघत होत्या. त्यांची छाती हलत नव्हती.

हवालदाराची बोबडी वळली, आणि भीतीपेक्षाही त्याला स्वतःची लाज वाटली. तो धावतच बाहेर गेला, दांडी ओढून पुन्हा निम्म्यावर आणली आणि धापा टाकत आत आला.

जाळीवरचा कागद जरासा सुटला. आत गेला, बाहेर आला. मावशींनी मोठा श्वास घेतला आणि दोन्ही हातांनी कपाळ दाबून धरलं.

"दुखायला लागलं हो परत," त्या म्हणाल्या, आणि चार दिवसांत पहिल्यांदा हसल्या. "डॉक्टरीणबाईंना मात्र थांबलं म्हणून सांगा."