थेट गाडी नाही

लेक निघाली, असं काकूंनी सांगितलं आणि टायमिंगकाका कितीतरी दिवसांनी उशीला टेकून बसले.

उभी हयात त्यांनी बस चालवली. गाडी एकदाही उशिरा सोडली नाही, म्हणून डेपोतल्यांनी हे नाव ठेवलं आणि पुढे सगळी गल्ली त्याच नावानं हाक मारू लागली. विमानात मात्र कधी पाऊल ठेवलं नव्हतं. लेकीचं शहर जगाच्या पार दुसऱ्या टोकाला. साडेतेरा हजार किलोमीटर, मध्ये एकदा विमान बदलायचं, घरापासून घरापर्यंत सव्वीस तास. हे त्यांना तोंडपाठ होतं. "एवढे पैसे उकळतात आणि थेट गाडी सोडत नाहीत?" हा त्यांचा विमान कंपन्यांवरचा जुना राग.

डॉक्टरांनी हात टेकले होते. आणि लेक निघालीच नव्हती. बाप आजारी आहे एवढ्यावर तिला रजा मिळेना. साहेबांच्या हातापाया पडून झालं, फोनवर रडून झालं. पण काका घोटभर पाणीही घेईनात, तेव्हा काकूंच्या तोंडून खोटं निघून गेलं. आता ते त्यांच्या गळ्याशी आलं होतं.

"आता गाडी ढगांच्या वर गेली असेल," काका म्हणायचे. नंतर म्हणाले, "आता ती उतरून दुसऱ्या विमानाकडे पळत असेल. पाणी पिऊन घे म्हणावं."

काकू होला हो म्हणत चमच्यानं दूध भरवायच्या. त्यांनी काकांची दाढी करून दिली. मग काकांनी इस्त्रीचा शर्ट मागितला. तो खांद्यांवरून घसरत होता. बटणं लावताना काकूंना रडू आवरेना, तशी त्यांनी मान फिरवली.

वेळ झाली. गल्लीत एक टॅक्सी थांबली, पण ती शेजाऱ्यांच्या पाहुण्यांची निघाली. काका दाराकडे बघत बराच वेळ पडून राहिले.

"अगं," ते हळूच म्हणाले, "गाडी रद्द झालीय का?"

काकू चादरीच्या सुरकुत्या सारख्या करत राहिल्या.

"झाली असेल तर तसं सांगावं. लोकांना स्टँडवर ताटकळत ठेवलेलं मला कधी खपलं नाही. ऑफिसातले तोंड उघडायचे नाहीत, मग मीच खाली उतरून सांगायचो. शिव्या खायचो, पण माणसं घरी तरी जायची."

"नाही निघाली हो ती," काकूंना हुंदका फुटला. "रजाच देत नाहीत मेले."

काका रागावले नाहीत. त्यांनी काकूंचा हात धरला. "बरं झालं सांगितलंस," म्हणाले आणि शर्टाचं वरचं बटण आपल्या हातानं सोडलं. संध्याकाळच्या आत ते गेले.

मग लेकीला रजा मिळाली. आजारपणासाठी नसते, मरणासाठी असते. विमानात बसण्याआधी तिचा फोन आला, "आई, निघाले गं." ती येईपर्यंत काकांना दवाखान्याच्या शवागारात ठेवलं.

शेजारीपाजारी येऊन बसून गेले. काकू रिकाम्या पलंगाशेजारच्या खुर्चीतून हलल्या नाहीत. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं.

"आता ती उतरून दुसऱ्या विमानाकडे पळत असेल," त्या मोठ्यानं म्हणाल्या.

पुढचं म्हणायला कुणी नव्हतं. तेही त्यांनीच म्हटलं, "पाणी पिऊन घे म्हणावं."