वहिनी बसली की बंद

बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारपाजारचे झाडून सगळे जमले होते आणि श्वास रोखून टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे बघत होते. सीपीयूच्या डब्यावर भूतबाधा उतरवणाऱ्या बाबांनी स्वतःच्या हातांनी आपलं जाड काळं कापड घातलं होतं. त्यांच्या सांगण्यावरून आई रोज त्याच डब्याच्या जाळीशी धुरीही द्यायची. तरी कॉम्प्युटरचं मध्येच बंद पडायचं दुखणं वाढतच होतं.

दादाने गाणं लावलं. सुरळीत वाजलं.

"आता सूनबाईंना बसवा," बाबा म्हणाले.

वहिनी घरांचे नकाशे काढायची. तिने एक घर उघडलं आणि त्याच्यावर भिंती, उजेड, सावल्या चढवायला घेतल्या. डब्याच्या आतली घरघर वाढली, आणखी वाढली, आणि फट्! पडदा काळाठिक्कर.

कुणीतरी किंचाळलं.

"पाहिलंत?" बाबांनी डोळे गरगरा फिरवले. "यंत्रालासुद्धा हिची सावली सोसवत नाही. आज यंत्र गेलं. उद्या या घरातलं माणूस!"

आईने दादाचा दंड घट्ट धरला. "सकाळी हिला माहेरी पोचव. कायमची." एरवी तोंडाचा पट्टा चालवणारा दादा खिडकीबाहेर बघू लागला.

दादाची शाळकरी बहीण, धाकटी, गर्दीतून पुढे सरकली. भूतबित असेल-नसेल, पण आईचा हा चेहरा त्याहून भयंकर होता. आणि तिच्या डोक्यात एक किडा वळवळत होता: दादा नुसती गाणी ऐकतो, वहिनी अख्खं घर बांधते. माणूस बदललं की कामही बदलतंय की!

"बाबा, वहिनीचं काम आता दादाला करू दे."

"पोरी, कोप होईल!"

"होऊ दे. तेवढीच शाळेला सुट्टी."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. दादा बसला. तेच घर, त्याच भिंती. घरघर वाढली. फट्!

"अगंबाई, माझ्या लेकाला बाधा झाली?" आई पांढरीफटक पडली.

"हिची बाधा खुर्चीत उतरलीय!" बाबा गरजले.

"मग रोज हिच्यानंतर दादा त्याच खुर्चीत गाणी ऐकतो, ती बरी वाजतात?"

धाकटीने कापड ओढून काढलं, प्लग उपसला. पत्रा तव्यासारखा तापला होता. तो जरा निवल्यावर तिने बाजूचं झाकण उघडलं. आतल्या पंख्यावर धुळीचा गालिचा, त्यावर धुरीची चिकट काजळी, आणि पात्यांना फिरायला जागाच नाही!

"भारी काम दिलं की आतली चिप तापते. पंख्याने ती गरम हवा बाहेर फेकायची. इथे पंखा गुदमरलेला, वर जाळीवर बाबांचं कापड. जळून जाऊ नये म्हणून मशीन स्वतःच बंद होतं. बाधा कसली डोंबलाची!"

तिने ब्रशने सगळं स्वच्छ केलं. वहिनी पुन्हा बसली. भिंती चढल्या, उजेड आला, सावल्या पडल्या. पडदा चालूच.

"बाधा माझ्या कापडाने ओढून घेतली," बाबा कापडाची घडी घालत म्हणाले. आणि काय सांगावं, दोघे-तिघे त्यांच्या पाया पडलेसुद्धा!

वहिनी मात्र आईकडे बघत होती. "आई, पंखा स्वच्छ निघाला असता तर? मला घालवलंच असतं ना?"

आई धुरीचं भांडं उचलून आत गेली.

तुम्हीच सांगा, काय द्यायचं उत्तर? यंत्र बंद पडतं त्याला कारण असतं. ते शोधायचं असतं, आणि नाहीच सापडलं तरी माणसाच्या माथी मारायचं नसतं. तेव्हा कुणाच्या पायगुणाला बोल लावण्याआधी एकदा, फक्त एकदा, खुर्चीतलं माणूस बदलून बघा.