मागून येतो तो डबा

मी एक जुना गार्डाचा डबा आहे. बिचकू नका मित्रांनो, मालगाडीच्या शेवटी धावतो तो खरा डबा माझा थोरला भाऊ. मी त्याच्या सत्त्याऐंशीपट लहान, तुमच्या कंपासपेटीपेक्षाही आखूड. जुना म्हणजे चार वर्षांचा. पण माझ्या रंगाचे पोपडे निघाले आहेत आणि एक पायरी वाकली आहे, म्हणून मी स्वतःला जुना म्हणवून घेतो. तेवढाच मान मिळतो.

माझा जन्म सुलतानपूरला, उत्तमरावांच्या पडवीत, तेलाच्या रिकाम्या डब्याच्या पत्र्यातून झाला. आमच्या जिल्ह्यात रेल्वे धावते ती घाटाखाली. घाटावरच्या सुलतानपुरात रूळ नाहीत. तरी उत्तमरावांनी एकतीस वर्षे मालगाडीवर गार्ड म्हणून काम केले. सुटीत गावी आले की लोक विचारायचे, "गाडी तूच चालवतं का बे?" ते नाही म्हणाले की पुढचा प्रश्न ठरलेला, "मंग मांगं बसून करतं तरी काय?" त्यांनी कितीही सांगितले तरी ते कोणाला पटत नसे. मागे बसलेला माणूस काय करतो हे एकदा तरी गावाला दाखवायचे, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

त्यांची नात प्रेरणा बुलढाण्याला शिकते. तिने आणि तिची मैत्रीण समता हिने गावच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी छोटी रेल्वे करायला घेतली. प्लायवूडवर रूळ, दोन स्टेशने, मध्ये बोगदा आणि एकामागून एक धावणाऱ्या दोन गाड्या. इंजिने आणि वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, विकत मिळाले, पण हुबेहूब गार्डाचा डबा काही मिळेना. तेव्हा प्रेरणाने कात्री उचलली आणि आजोबांना समोर बसवले.

"आबा, कठडा किती उंच होता?"

"मी उभा राह्यलो का कोपर बरोबर कठड्यावर टेके. तसंच टेकून झेंडी दाखवायचो."

प्रेरणाने आबांना उभे केले, जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावला, सत्त्याऐंशीने भागले आणि माझा कठडा कापला. मी तयार झालो. आबांनी मला तळहातावर घेतले आणि डोळ्यांजवळ नेले.

"हा माहा डबा नाही पोरी. याच्या कठड्यावरून माणूस खाली पडंल."

प्रेरणा रडकुंडीला आली. माझाही पत्रा थंड पडला. तेवढ्यात मनकर्णाबाई, म्हणजे तिची आजी, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "डब्याचं काय चुकलं? तरणेपणी या चौकटीले यांचं डोकं रोज आदळे. आता सरळ आत येतात. चौकट काय वर सरकली?"

खरेच होते. आबा वाकले होते आणि कोणाच्याच ध्यानात आले नव्हते, खुद्द आबांच्याही नाही. मनकर्णाबाईंनी ट्रंकेतून गणवेश काढला. प्रेरणाने पँट आणि कोट भिंतीवर खिळ्यांना असा लावला की वाटावे, तरणे उत्तमराव उभे आहेत. कोटाची बाही कोपरावर झिजली होती. त्या झिजेपर्यंत टेप लावला. फरक निघाला माझ्या मापात एका तिळाएवढा. पण तो तीळ वाढवून नवा कठडा बसवला तेव्हा आबांनी मला पाहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. ते एवढेच म्हणाले, "आता मी याच्यात उभा राहू शकतो."

मग माझ्या मागे एक चिमुकली पाटी लागली. शेवटच्या डब्याची ओळख सांगणारी ती पाटी. मी हलका म्हणून रुळावरून घसरायचो, तर पोटात वायसरच्या लोखंडी चकत्या चिकटवल्या गेल्या. तरीही समताचे मन माझ्यावर बसेना. "याले सोडून देऊ ना प्रेरणा. चढावर गाडी ओढते. अन् मागचा डबा पाहते कोण?" मला फार लागले ते. प्रेरणा म्हणाली, "मग आबाच्या गाडीत आबाच नाहीत!" तेव्हा कुठे माझी जागा पक्की झाली.

प्रदर्शनाच्या दिवशी शाळा गच्च भरली होती. पहिली गाडी बोगद्यात शिरली. आत चढ होता. माझ्या पोटातल्या वजनाने पुढच्या डब्याशी जोडणारी कडी निसटली आणि मी अंधारात एकटाच राहिलो. बाहेर इंजिन झोकात निघाले, स्टेशनात आले. मुलांनी टाळ्या पिटल्या. मागच्या स्टेशनावर दुसरी गाडी उभीच होती. समताने बटणाकडे बोट नेले. आता आपला चेंदामेंदा होणार, हे मी ओळखले.

"थांब!" आबा कडाडले. "बटण दाबू नको! गाडी आली नाही."

"आली ना आबा, हे काय समोर!" समता म्हणाली.

"इंजिन आलं. शेवटची पाटी आली का? पाटी दिसल्याबिगर रस्ता मोकळा झाला म्हणता येत नाही. मांगं डबे सुटले असतील तं दुसरी गाडी त्याच्यावर जाऊन आदळंल ना! ती पाटी अन् मांगचे सगळे डबे सांभाळणं, हेच माहं काम!"

प्रेरणाने बोगद्यात हात घालून मला बाहेर काढले. मग गर्दीतले एक म्हातारे गृहस्थ, जे आबांना वर्षानुवर्षे तोच प्रश्न विचारत आले होते, हळूच म्हणाले, "असं काम होतं व्हय उत्तमराव तुमचं!" आबांनी मान हलवली. त्या दिवशी ते वाकलेले मुळीच दिसले नाहीत.

पुढे परीक्षा आल्या, प्लायवूड भिंतीला टेकले आणि मी तीन वर्षे फळीवर धूळ खात पडलो. खोटे कशाला बोलू, मी रुसलो होतो. पण यंदा शाळेने पुन्हा बोलावणे धाडले आहे. समतानेच मला पुसले, चाकांना तेलाचा थेंब दिला आणि नवी कडी बसवली. आबा मुलांना पाटी पाहायला शिकवणार आहेत.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. खेळणे असो वा माणूस, मागे राहिलेल्याला फळीवर विसरू नका. आणि आमची गाडी पाहायला याल तेव्हा इंजिन आले की सगळ्या टाळ्या संपवू नका. थोड्या शिल्लक ठेवा. मी मागून येतोय.